चाक नंतर, आधी माती: घरी मातीकाम सुरू करणाऱ्यांसाठी सोलापुरातल्या सामानाची पारख

निकाल आधीच सांगून टाकतो. ऑनलाइन मिळणारा टेबलावरच्या छोट्या चाकाचा संच घेऊ नका. त्याऐवजी कुंभाराकडून पाच किलो तयार माती आणा. ते जमणार नसेल तर टेराकोटाची बंद पिशवी मागवा. हवेत वाळणारी माती शाळेच्या प्रोजेक्टपुरती ठीक आणि शाडू गणपतीसाठी. चारही प्रकार आणि तो संच हाताळून बघितल्यावर आमचं मत असं झालं.

शेतातली माती का नको

‘एवढी काळीभोर माती गावाकडे पडलीये, विकत कशाला आणायची?’ सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. तिच्यातल्या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं, थर एकमेकांपासून लांब जातात आणि पाणी उडालं की पुन्हा जवळ येतात. हाताला ती मऊ आणि चिकट लागते, वाटी झकास वळते. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीचे तीन तुकडे झालेले असतात.

दुसरी अडचण चुनखडीची. काळ्या मातीत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरट खडे असतात. भांडं भाजताना साधारण ८०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात त्या खड्याचा कळीचा चुना होतो. भांडं आव्यातून, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतून, छान निघतं, पण चुना हवेतली ओल ओढत राहतो आणि फुगतो. मग चार दिवसांनी किंवा महिन्याने भांड्याची खपली टपकन उडते आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. पारख सोपी आहे. मातीचा वाळलेला ढेकूळ घ्या, त्यावर चमचाभर व्हिनेगर ओता. जोरात फसफसलं तर ती माती भाजायच्या कामाची नाही. गाळून खडे काढता येतात, पण त्यासाठी माती पूर्ण वाळवायची, पाण्यात विरघळवायची, बारीक चाळणीतून गाळायची, निवळू द्यायची आणि पुन्हा घट्ट करायची. नवशिक्याने या भानगडीत पडू नये.

कुंभाराची माती

कुंभार एकाच जागची माती क्वचित वापरतो. गाळाची चिकट माती आणि जरा भरड माती यांचा मेळ तो घालतो, त्यात राख किंवा घोड्याची लीद मिसळतो. लिदीतलं तंतुमय काड आव्यात जळून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. भांडं वाळताना ओल बाहेर निघायला काडाची मदत होते, नंतर चुलीवर अचानक तापल्यावर भांडं तडकू नये म्हणून छिद्रं कामाला येतात. ही सगळी मेहनत तयार गोळ्यात मिळते.

शहरात कुंभार वेस नावाचा भाग आहे. गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. अशा गावात माती कुठे मिळते हे मोबाईलवर शोधायची वेळ यावी, गंमतच आहे. पण जायची वेळ बघून जा. दिवाळीआधी पणत्या आणि संक्रांतीआधी सुगडी, या दोन्ही मोसमांत कुंभाराला मान वर करायला सवड नसते. फेब्रुवारीत किंवा पावसाळा सरताना गेलात तर तो बोलेलही आणि दाखवेलही.

मागतानाही नेमकं मागा. ‘मामा, माती द्या’ म्हटलं तर माठाची मिळेल. ती भरड असते, मोठ्या भांड्याला तीच लागते, पण हाताला खरखरते आणि पातळ कडेला फाटते. ‘मामा, पणत्या-बोळक्यांची बारीक माती द्या, मळलेली’ असं म्हणा. घमेल्यात कोरडी माती देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा. घरी जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत गुंडाळून बादलीत झाकून ठेवली की ती महिनोन्‌महिने मऊ राहते. वास येऊ लागला, वर काळपट बुरशी दिसली तरी फेकू नका. मुरलेली माती जास्त लवचीक होते.

घेण्याआधी जागच्या जागी एक परीक्षा करा. पेन्सिलीएवढ्या जाडीची वळी करा आणि तर्जनीभोवती गुंडाळा. तडा गेला नाही तर माती चांगली. केसासारख्या रेषा पडल्या तर थोडं पाणी कमी आहे, मळून सुधारेल. वळी तुटलीच तर त्या मातीला चिकटपणाच नाही. घरी आल्यावर दुसरी परीक्षा: मातीची पट्टी लाटून तिच्यावर पट्टीने मोजून १० सेंटिमीटरची रेघ कोरा आणि सावलीत वाळू द्या. रेघ ९.३-९.४ पर्यंत आली तर उत्तम. ९ च्या खाली गेली तर माती फार आक्रसते. अशा वेळी भाजलेल्या खापराची चाळलेली पूड मिसळायची, दर किलोला १०० ते १५० ग्रॅम. पूड कुंभाराकडच्याच फुटक्या खापरांची करा. बांधकामावरच्या विटेची नको, तिला चुना-सिमेंट चिकटलेलं असतं.

कुंभाराच्या मातीचे दोष? ओल प्रत्येक गोळ्यात सारखी नसते, अधूनमधून काडी किंवा खडा सापडतो, आणि आज आणलेली माती पुढच्या खेपेसारखीच असेल याची खात्री नाही. तरीही पहिला नंबर तिचाच, कारण ती आव्यात भाजली जाण्यासाठीच बनलेली असते. शिवाय जिथून माती घेतली तिथेच भांडं भाजून मिळण्याची वाट उघडते.

पिशवीतली टेराकोटा, शाडू आणि ती हवेत वाळणारी

कारखान्यातल्या पिशवीतली माती यंत्रातून हवा काढून दाबलेली असते. खडा नाही, काडी नाही, ओल सगळीकडे एकसारखी. पहिल्याच दिवशी कामाला लागता येतं, हा तिचा मोठा फायदा. पिशवी आली की वरूनच अंगठ्याने दाबा. अंगठा सहज रुतायला हवा. रुतत नसेल तर माल जुना आहे. अशा गोळ्याला काडीने सात-आठ खोल भोकं पाडा, त्यांत पाणी भरा, ओल्या कपड्यात गुंडाळून पिशवी घट्ट बांधा. दोन दिवसांत गोळा वळणीला येतो.

खरी फसगत पिशवीवरच्या बारीक अक्षरांत असते. टेराकोटा साधारण १००० अंशांच्या आसपास पक्की होते. ‘स्टोनवेअर’ लिहिलेली माती १२०० च्या वर तापल्याशिवाय पक्की होत नाही. गोवऱ्या-पाचटाचा आवा तिथवर पोचत नाही. चित्र बघून स्टोनवेअर मागवली आणि आव्यात भाजली तर कप दिसायला भाजलेला, पण नखाने ओरखडा उमटेल असा ठिसूळ निघतो. तेवढी तापणारी भट्टी हाताशी असेल तरच स्टोनवेअर घ्या.

शाडू बारीक, गुळगुळीत, नाक-डोळे कोरायला छान. पण ओढली की तुटते, म्हणून वाटीची कड पातळ करता येत नाही. वाळल्यावर कडक पण ठिसूळ. भांड्यांसाठी बाद.

हवेत वाळणाऱ्या मातीबद्दल जाहिरात सोयीस्करपणे गप्प बसते. तिच्यात कागदाचा लगदा, तंतू किंवा डिंकासारखं काही घातलेलं असतं, त्यामुळे ती न भाजता घट्ट होते. घट्ट होते, पक्की नाही. पाण्यात ठेवली की पुन्हा मऊ पडते. वरून ॲक्रिलिक रंग आणि वॉर्निश चढवलं तरी तिच्यात चहा प्यायचा नाही. खोक्यावर कॉफीच्या मगचं चित्र असेल तर ते चित्र खोटं समजा. दारावरची पाटी, फ्रेम, मण्यांच्या माळा एवढ्यासाठी चालते.

संचातलं चाक

आता त्या संचाकडे. खोक्यात छोटं चाक, किलो-दोन किलो माती, लाकडी कोरण्या, तारेची कोरणी, स्पंज, सुई आणि माती कापायची तार. चाकाची थाळी जेमतेम तळहाताएवढी. पाव किलोच्या वर गोळा ठेवून दोन्ही हातांनी दाब दिला की मोटार कुंथते आणि थांबते. दोष उत्पादकाच्या निष्काळजीपणाचा नाही, कल्पनेचाच आहे. चाकावर पहिलं काम असतं गोळा मध्यावर बसवणं. त्यासाठी चाक मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरे घेत असताना कोपर मांडीला टेकवून अंगाच्या भाराने दाबावं लागतं. तो दाब सोसून वेग टिकवायला जड चाक किंवा ताकदीची मोटार लागते. पारंपरिक चाक एवढं अवजड असतं ते याचसाठी, एकदा दांडक्याने फिरवलं की वजनाच्या जोरावर फिरत राहतं. खेळण्यातल्या मोटारीकडे यातलं काहीच नाही. त्यात टेबल हलतं, कोपर टेकवायला जागा नसते, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट आहे.

चाकच शिकायचं असेल तर चालू चाक आधी बघा. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण योजना सुरू केली, तिच्यातून कारागिरांना विजेवर चालणारी चाकं मिळाली. असं एखादं चाक बसून बघायला मिळालं तर दहा मिनिटांत फरक कळतो. विकत घ्यायचंच तर थाळी २५ सेंटिमीटरच्या पुढची, पायाने वेग कमी-जास्त करता येणारी, आणि किलोभर मातीवर जोर दिल्यावर न थांबणारी बघा. ते पैसे सहा महिन्यांनी खर्च करा, आज नाही.

संचातली हत्यारं मात्र घरीच जमतात. माती कापायला नायलॉनचा मासेमारीचा दोरा आणि टोकांना दोन जाड बटणं. गुळगुळीत करायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड. एकसारख्या जाडीची पोळी लाटायला लाटणं आणि दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या. खरवडायला जुना दात-ब्रश. मळायला पाटावर जाड सुती कापड ताणून ठोका. आणि सोलापूरकरांसाठी खास सूचना: घरात टॉवेलांची रेलचेल असली तरी टॉवेल वापरू नका. त्याचे फासे मातीत गुंततात, लव चिकटते, पृष्ठभागावर दाणे उठतात. साधं मांजरपाट बरं.

पहिली वाटी

अर्धा किलो गोळा घ्या. तारेने मधोमध कापा, एक अर्धा दुसऱ्यावर जोरात आपटा, तळव्याच्या टाचेने पुढे ढकला, गोळा उभा करून पुन्हा ढकला. कणीक तिंबतो तसं, पण दुमडून नाही. कणकेसारखं दुमडलं की घडीत हवा अडकते. पन्नास-साठ वेळा झाल्यावर पुन्हा तारेने कापून आतला चेहरा बघा. छोटी भोकं किंवा वेगळ्या रंगाचे पट्टे दिसले तर आणखी मळा. हवेच्या बुडबुड्याने भांडं भट्टीत फुटतं, असं सर्रास सांगतात. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा आत राहिलेलं पाणी असतं, ते पुढे येईलच. बुडबुड्याचा त्रास वेगळा: कड ओढताना तिथेच भोक पडतं.

मळलेल्यातला दीडशे-दोनशे ग्रॅमचा गोळा डाव्या हातात धरा. उजवा अंगठा मध्यभागी खाली उतरवा, तळाशी बोटभर, म्हणजे दीडेक सेंटिमीटर माती राहू द्या, ती नंतर चेपून कमी होते. मग अंगठा आत आणि बोटं बाहेर अशी चिमट धरून गोळा थोडा थोडा फिरवत तळाकडून वर या. जाडी ६-७ मिलिमीटर झाली की थांबा. कड सगळ्यांत शेवटी. नवशिके नेमकं उलटं करतात, आधी कड पातळ करतात, मग ती पसरते, वाळते आणि चिरते. चीर पडली की बोट पाण्यात बुडवून चोळायचा मोह होतो. त्याने चीर झाकली जाते, मिटत नाही, आणि माती लिबलिबीत होते. चिरेवर दोन्ही बाजूंनी माती दाबून आत सारा, मग वाटल्यास ओल्या बोटाने फिरवा.

कपाला कान लावणं ही पहिली खरी परीक्षा. कप आणि कान दोन्ही चामड्यासारखे घट्ट झालेले हवेत: दाबलं तर ठसा उमटत नाही, पण नखाने कोरता येतं. दोन्ही जागा ब्रशने किंवा काट्याने आडव्या-उभ्या खरवडा. त्याच मातीचा दह्याएवढा दाट घोळ लावा, कान जागेवर दाबून किंचित हलवा, कडेने घोळ बाहेर आला पाहिजे. मग सांध्याभोवती सुईएवढी बारीक वळी बसवून चोळा. ओल्या कपाला वाळका कान किंवा उलट, असं जोडलं तर हमखास चीर जाते, कारण एक भाग आक्रसून मोकळा झालेला असतो आणि दुसरा अजून आक्रसायचा असतो.

वाळवणं

सोलापुरात काम बिघडतं ते इथे. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत वाटीची कड तासाभरात पांढरट होते आणि तळ ओलाच. कड आक्रसू पाहते, तळ तिला जाऊ देत नाही, मग कडेपासून खाली चीर उतरते. उन्हात ठेवू नका हे सगळ्यांनाच माहीत असतं. पंख्याखाली आणि कूलरच्या झोतात ठेवू नका, हे कोणी सांगत नाही. कूलरसमोरची बाजू वाळते, पाठ ओली राहते आणि भांडं एकीकडे झुकतं.

पहिले दोन दिवस भांड्यावर पिशवी सैल टाका. घट्ट नको, सैल. रोज एकदा पिशवी उलटी करून आतली ओल पुसा. कान गुंडाळायला प्लास्टिकची वेगळी पट्टी, कारण तो सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत आधी वाळतो. घट्ट झालं की भांडं पालथं घाला, म्हणजे तळालाही हवा लागेल. नंतर उघडं, वर्तमानपत्राच्या चार घड्यांवर. काचेवर किंवा फरशीवर तळ चिकटून बसतो आणि आक्रसताना फाटतो. उन्हाळ्यात या सगळ्याला आठवडा द्या, पावसाळ्यात दोन. वाळलं का ते गालाला लावून बघा. थंड लागलं तर आत पाणी आहे.

भाजणं

घरच्या ओव्हनचा उपयोग नाही. तो अडीचशे अंशांपर्यंत जातो, मातीतलं रासायनिक बांधलेलं पाणी निघायलाच साडेतीनशेच्या पुढचं तापमान लागतं. त्याआधी भांडं पाण्यात टाकलं तर पुन्हा चिखल. गॅसच्या शेगडीवर भाजायचे व्हिडिओ असतात, त्यांत भांडं एका बाजूने तापतं आणि तडकतं.

कुंभाराला विचारून त्याच्या आव्यात चार नग ठेवता येतात का बघा. जाडी सेंटिमीटरच्या आत ठेवा, मूर्ती भरीव नको, आतून पोकळ करून खालून भोक पाडा. भांड्यात ओल राहिली तर शंभर अंशांना तिची वाफ होते, तिला जाडजूड भिंतीतून वाट मिळत नाही आणि भांड्याचे तुकडे उडतात. बाजूच्या चार सुगड्यांचंही नुकसान होतं, कुंभार पुन्हा उभं करत नाही. म्हणून नेण्याच्या आदल्या दिवशी भांडी दुपारभर गच्चीवर ठेवा. खडखडीत वाळल्यावर ऊन चालतं, तेव्हा सोलापूरचं ऊन कामाला येतं. विजेच्या भट्टीत देणार असाल तर सुरुवातीला तासाला साठ-सत्तर अंशांपेक्षा जास्त वेग नको आणि ५७३ अंशांच्या आसपास चढताना-उतरताना घाई नको. तिथे मातीतल्या गारगोटीच्या कणांचा आकार अचानक बदलतो.

आव्यातून आलेलं भांडं पाणी झिरपवतं, तो दोष नाही. दह्याला तेच हवं. स्वयंपाकाला घ्यायचं तर आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा. चकाकीसाठी आतून ॲक्रिलिक किंवा सुटी विकली जाणारी झिलई लावू नका. तिच्यात शिसं आहे की नाही हे लिहिलेलं नसेल तर खाण्याच्या भांड्याला ती बादच.

उरलेली माती, आणि मोरी

उरलेले तुकडे अर्धवट ओले असताना पाण्यात टाकले तर गोळेच राहतात. आधी कडकडीत वाळू द्या, मग पाण्यात टाका, दहा-पंधरा मिनिटांत आपोआप सुटतात. दोन दिवसांनी वरचं पाणी ओता, घोळ मांजरपाटावर पसरा, बोटाला चिकटेनासा झाला की मळून ठेवा. वाळलेला चुरा झाडू मारून काढू नका, ती बारीक धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

हात मोरीत धुवायचे नाहीत, पाइपात माती बसली की प्लंबरलाच बोलवावं लागतं. दोन बादल्या ठेवा. पहिलीत हात आणि हत्यारं धुवा, दुसरीत खळबळून घ्या. रात्रभरात गाळ खाली बसतो. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येतं, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरात ते ओतून द्यायचं धाडस कोणी करणारही नाही.